पार्श्वभूमी : वार पाळणुकीपासून चोवीस तास उघड्या दुकानापर्यंत

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतल्या अनेक गावांत ग्रामदेवतेचे वार आजही पाळले जातात. कुठे मंगळवार, कुठे शुक्रवार. यात्रा जवळ आली की सलग काही आठवडे. त्या दिवशी बैल गोठ्यात बांधलेले राहतात, शिवारात कुणी औत नेत नाही. वार मोडणाऱ्याला पंचांपुढे उभं राहावं लागतं. श्रद्धेचा भाग घटकाभर बाजूला ठेवला तरी या प्रथेत फार मोठी सोय होती. थांबायचं ते साऱ्या गावानं. बांधाला बांध लागून असलेला शेजारी कुळव धरून बसलाय आणि आपली पेर मागे पडतेय, ही धास्ती त्या दिवशी कुणालाच नसायची. मजुराचा रोज बुडायचा, हेही खरंच.

सध्या धावपळ आणि ताण यांची चर्चा माणसाच्या वैयक्तिक शिस्तीवर येऊन थांबते: लवकर उठा, फोन बाजूला ठेवा. सीमाभागातला इतिहास वेगळंच सांगतो. इथे विसावा जेव्हा टिकला, तेव्हा तो सगळ्यांचा मिळून होता.

रविवार आला तो गिरणीच्या मार्गानं. मुंबईच्या कामगारांनी बरीच वर्षं लावून धरल्यावर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. गोकाक धबधब्यावरची सूतगिरणी तेव्हा नुकतीच सुरू झालेली होती. पण कायदा होता तो यंत्रशक्तीवर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यांपुरता. बेळगावला लागून असलेलं विणकरांचं शहापूर तर तेव्हा सांगली संस्थानात. तिथल्या हातमागाला ना भोंगा, ना हजेरीपट. पुढे बेळगावच्याच वडगाव, खासबागेत यंत्रमाग आले तरी घरातल्या मागाचं गणित बदललं नाही. सोप्यात माग, मागच्या खोलीत बायका कांड्या भरतायत, आणि मजुरी साडीवर. निपाणीच्या विडी कामगार बायकांचंही तेच, मजुरी हजार विड्यांवर. जितका हात चालेल तितकेच पैसे, त्यामुळे सुट्टी म्हणजे स्वतःच्या पदरचा खर्च.

१९४८ च्या कारखाना कायद्यानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. दुकानांसाठी म्हैसूरचा १९६१ चा कायदा आला. त्यातलं कलम साधं होतं: आठवड्यातून एक दिवस दुकान बंद. माणसाला सुट्टी हवीच, पण दुकानही बंद हवं.

नेमकं हेच कलम जानेवारी २०२१ मध्ये बाजूला पडलं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेली दुकानं वर्षाचे सर्व दिवस, चोवीस तास उघडी ठेवायला राज्य सरकारनं तीन वर्षांसाठी मुभा दिली. लॉकडाऊननं बाजार बसला होता, रोजगार हवा होता. सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. अटीही घातल्या होत्या. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि प्रत्येकाला पाळीपाळीनं एक दिवस सुट्टी. कागदावर कामगाराचा एक तासही वाढला नाही, म्हणून विरोध करणाऱ्यांना 'मग अडचण काय?' असा सवाल झाला.

अडचण त्या 'पाळीपाळीनं' मध्ये आहे. शोरूममधल्या मुलीला सुट्टी बुधवारी, उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत जाणाऱ्या तिच्या भावाला दुसऱ्याच वारी, शाळा बंद रविवारी. तास सगळ्यांचे बरोबर भरतात, पण घरची माणसं एका पंगतीला बसत नाहीत. शिवाय ही सूट छोट्या दुकानांना नव्हती, तरी समोरचं मोठं दुकान उघडं दिसत असताना आपलं शटर ओढायला कुणाचं मन होणार? गावच्या वारानं मोडून काढलेली धास्ती बाजारात पुन्हा आली, ती सरकारी शिक्क्यानिशी. हा निर्णय चुकीचाच होता असं माझं मत आहे.

दोन वर्षांनी पाळी कारखान्यांची आली. २०२३ च्या कर्नाटक दुरुस्तीनं विश्रांती धरून १२ तासांच्या दिवसाची वाट मोकळी केली. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले, पण तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ७५ तासांवरून १४५ वर नेली. चार दिवस काम आणि उरलेले दिवस मोकळे, अशी त्याची बाजू मांडली गेली. गावाकडून बसनं ये-जा करणाऱ्याला १२ तासांत प्रवासाचे दोन-तीन तास मिळवावे लागतात, आणि जादा कामाला नाही म्हणण्याची ताकद कंत्राटी कामगाराकडे फारशी नसते. तो राहतो त्या गावात मंगळवारचा वार अजून कडक पाळला जातो. शिवारात औत निघत नाही, आणि तो मात्र पहिल्या पाळीसाठी पहाटे बस थांब्यावर उभा असतो.