सतराव्या वर्षी प्रायमरीत मत म्हणजे मतदानाचं वय घटवणं नव्हे

न्यू जर्सीत १ जानेवारी २०२६ पासून सतरा वर्षांच्या मुलांना प्रायमरीत मत देता येतं. त्याच राज्यातल्या न्यूअर्क शहरात २०२५ पासून सोळा वर्षांची मुलं शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत देतात. या दोन बातम्या एकत्र कालवून 'अमेरिकेत मतदानाचं वय घटलं' असं लिहिलं जातं. न्यूअर्कपुरतं ते खरं आहे. प्रायमरीपुरतं नाही.

प्रायमरी म्हणजे काय हे थोडक्यात: आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं ते पक्षश्रेष्ठी ठरवतात, तिथे ते मतदार मत देऊन ठरवतात. खरी लढत नोव्हेंबरात. ('प्राथमिक निवडणूक' हे भाषांतर मला अजिबात आवडत नाही, प्राथमिक शाळाच आठवते. प्रायमरीच म्हणावं.)

आता गाडी अडते ती जागा. प्रायमरीच्या सवलतीत वय मोजायचा दिवस प्रायमरीचा नाही, नोव्हेंबरातल्या मुख्य मतदानाचा. न्यू जर्सीची प्रायमरी २ जून २०२६ ला आणि मुख्य मतदान ३ नोव्हेंबरला. एकाच वर्गातल्या दोन मुली घ्या. एकीचा जन्म ऑक्टोबर २००८ चा, दुसरीचा डिसेंबर २००८ चा. २ जूनला दोघीही सतरा वर्षांच्या. पहिली मत देऊ शकते, दुसरी नाही. कारण ३ नोव्हेंबरला पहिली अठराची झालेली असेल, दुसरी नसेल. म्हणून 'सतरा वर्षांच्या मुलांना मताधिकार' हा मथळा अर्धाच खरा. यात नवा मतदार तयार होत नाही. नोव्हेंबरात जिला मत आहेच, तिला त्या लढतीतला उमेदवार ठरवतानाही बोलू द्यायचं, एवढंच. न्यूअर्कमध्ये मात्र मर्यादाच खाली आली: मतदानाच्या दिवशी सोळा पूर्ण हवीत, अठराची वाट कोणी पाहत नाही.

ही सवलत नेमकी कुठवर, यावरून ओहायो राज्यात कोर्टबाजी झाली. तिथल्या नियमानुसार अशी मुलं उमेदवार 'नामांकित' करू शकतात. करवाढीसारख्या प्रस्तावांवर त्यांना मत नाही. २०१६ मध्ये राज्याचे निवडणूक प्रमुख जॉन हस्टेड यांनी अर्थ लावला, की अध्यक्षपदाच्या प्रायमरीत पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी 'निवडले' जातात, नामांकित होत नाहीत, म्हणून मुलांना तिथे मत नाही. मतदानाच्या चार दिवस आधी न्यायाधीशांनी तो अर्थ फिरवला. एका क्रियापदासाठी एवढं सगळं! कॅलिफोर्नियात २०२० साली मतदारांपुढे ठेवलेल्या प्रस्ताव क्रमांक १८ मध्ये सतराव्या वर्षी प्रायमरीत मत देण्याची अशीच सवलत मागितली होती. सुमारे ५६ टक्के मतदारांनी ती नाकारली.

'अमेरिकेच्या घटनेत अठरा लिहिलंय, मग सतरा कसं?' हा प्रश्न दर वेळी येतो. १९७१ ची २६ वी दुरुस्ती म्हणते, की अठरा किंवा त्याहून मोठ्या नागरिकाला वयाच्या कारणाने मत नाकारता येणार नाही. त्याहून लहानांना देऊ नका, असं ती कुठेही म्हणत नाही. वाव राज्यांना आहे.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांसाठी कामाचं एवढंच: नोंदणी मतदानाच्या २१ दिवस आधी व्हायला हवी, म्हणजे २ जूनसाठी १२ मेपर्यंत. नागरिकत्व लागतंच. तिथेच जन्मलेली मुलगी मत देईल, एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवरचे आईबाबा देऊ शकणार नाहीत.

आणि नोंदणी म्हणजे मत नव्हे. भारतात २०२२ पासून सतरा पूर्ण झालेल्यांना मतदार यादीसाठी आगाऊ अर्ज करता येतो; मत मात्र अठरा पूर्ण झाल्यावरच. अमेरिकेतही अनेक राज्यांत अशी आगाऊ नोंदणी चालते, प्रायमरीची सवलत नसलेल्या कॅलिफोर्नियातसुद्धा, आणि तीही सोळाव्या वर्षापासून.