आयसोट्रेटिनोइन: मुरुमांवरच्या एका कॅप्सूलमागची ऐंशी वर्षं

मुरुमांवरचं सर्वांत गुणकारी आणि सर्वांत धाक असलेलं औषध कोणतं, असं त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं तर बहुतेक जण आयसोट्रेटिनोइनचंच नाव घेतील. अमेरिकेत ते ॲक्युटेन या नावाने आलं, युरोपात रोॲक्युटेन या नावाने, आणि आपल्याकडे ते कितीतरी कंपन्यांच्या नावांनी मिळतं. घेतलेल्यांचे अनुभव ऐकले तर दोन टोकं समोर येतात. बरीच वर्षं मान खाली घालून वावरलेला मुलगा सांगतो की या गोळीने त्याला चेहरा परत दिला. दुसरीकडे एखादं कुटुंब असतं, ज्याला आपलं माणूस याच गोळीमुळे बदललं अशी खात्री वाटते. दोघंही मनापासून बोलत असतात. या औषधाभोवती आज जे नियम आहेत, म्हणजे रक्ताच्या तपासण्या, गर्भधारणेच्या चाचण्या, मनःस्थितीची विचारपूस, ते प्रयोगशाळेत सुचलेले नाहीत. आधी रुग्णांनी भोगलं, मग नियम झाला. म्हणून ही पार्श्वभूमी रुग्णांच्या बाजूने सांगायला हवी.

‘वयात आलं की पिंपल्स येतातच, जातील आपोआप’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं, आणि साध्या मुरुमांपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण या औषधाचा विषय वेगळा आहे. त्वचेखाली दुखऱ्या गाठी होतात, त्यांत पू धरतो, पाठ-छाती भरून जाते, कुशीवर झोपता येत नाही आणि बरं झाल्यावरही खड्डे राहतात. अशा मुरुमांवर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टर चक्क क्ष-किरण देत. चेहऱ्यावर क्ष-किरण घेतलेल्यांपैकी काहींना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला आणि ती पद्धत मागे पडली.

आयसोट्रेटिनोइन हे जीवनसत्त्व अ च्या कुळातलं, आणि या जीवनसत्त्वाचा मुरुमांशी संबंधही जुना आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले डॉक्टर स्ट्रॉमफिओर्ड यांनी मुरुमांच्या रुग्णांना दिवसाला एक लाख युनिट जीवनसत्त्व अ दिल्याचं प्रसिद्ध केलं. काहींना फरक पडला, पण इतकी मात्रा यकृताला झेपत नाही; डोकं दुखतं, त्वचा सोलवटते. दहा वर्षांनी, १९५३ मध्ये, सिडनी कोलन यांनी दाखवलं की गाभण उंदरिणींना हे जीवनसत्त्व भरमसाट दिलं तर पिल्लं व्यंग घेऊन जन्मतात. हे साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. पुढे जे घडलं त्याची पूर्वसूचना तीस वर्षं आधी छापून आली होती.

१९६० च्या दशकात फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी याच कुळातलं ट्रेटिनोइन वरून लावण्यासाठी वापरलं. आज लाखो लोक रात्री जे क्रीम लावतात, त्याचा उगम तिथला. मात्र क्लिगमन यांचे प्रयोग होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर चालत, आणि ते १९७० च्या दशकापर्यंत चालू राहिले. थोड्या पैशांसाठी पाठ पुढे करणाऱ्या त्या माणसांना पुढे काय होऊ शकतं याची नीट कल्पना दिली गेली नव्हती. मुरुमांच्या औषधांचा इतिहास सांगताना हा भाग सहसा गाळला जातो. तो गाळू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण रुग्णाला काय सांगायचं आणि किती सांगायचं हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आयसोट्रेटिनोइनचा शोध मुरुमांसाठी झालाच नव्हता. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात रोश कंपनीचे वेर्नर बोलाग जीवनसत्त्व अ पासून बनणाऱ्या संयुगांचा अभ्यास करत होते तो प्रामुख्याने कर्करोगासाठी. अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गॅरी पेक आणि त्यांचे सहकारी, अंगावर खवले धरणाऱ्या आनुवंशिक त्वचारोगांवर ते वापरून पाहत होते. तिथे त्याचा मुरुमांवरचा गुण दिसला. फेब्रुवारी १९७९ मध्ये त्यांचा निबंध आला. त्यात रुग्ण अवघे १४, पण सगळे असे की ज्यांच्यावर कुठलंच औषध चाललं नव्हतं. चार महिन्यांच्या उपचारांत १३ जणांची त्वचा पूर्ण स्वच्छ झाली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गोळी बंद केल्यावरही महिनोन् महिने मुरुम परतले नाहीत. तोवरच्या प्रतिजैविकांचा अनुभव अगदी उलटा होता: गोळ्या थांबल्या की काही दिवसांत चेहरा पुन्हा भरायचा.

हे घडतं कसं, तर त्वचेतल्या तैलग्रंथी आक्रसतात, तेल फारच कमी पाझरतं, रंध्रांची तोंडं बुजायची थांबतात आणि आतल्या जंतूंना पोसायला काही उरत नाही. पण तीच क्रिया सबंध शरीरावर होते. ओठ फुटणं जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं. नाकात कोरड होऊन रक्त येतं, डोळे चुरचुरतात, लेन्स घालवत नाही, व्यायामानंतर सांधे आणि स्नायू दुखतात, काहींना रात्री कमी दिसतं. रक्तातली चरबी आणि यकृताची विकरं वाढू शकतात म्हणून तपासण्या करायच्या. सुरुवातीच्या आठवड्यांत काहींचे मुरुम उलट भडकतात, आणि आधी सांगितलेलं नसेल तर रुग्ण घाबरून गोळी सोडून देतो. उपाशीपोटी घेतली तर औषध नीट शोषलंही जात नाही. ते चरबीत विरघळणारं आहे, म्हणून तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्यायचं.

मे १९८२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲक्युटेनला मान्यता दिली. गर्भवतींनी घेऊ नये हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्या शोकांतिकेला वीस वर्षंच झाली होती, त्यामुळे अज्ञान होतं असं कुणाला म्हणता येणार नाही. तरीही वर्षभरात, १९८३ मध्ये, प्रशासनातलेच डॉक्टर फ्रान्झ रोझा यांनी व्यंग असलेल्या बाळांच्या नोंदी जाहीर केल्या. १९८५ मध्ये एडवर्ड लॅमर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. गर्भ पोटात असताना आईने हे औषध घेतलं अशा १५४ गर्भधारणांचा त्यात मागोवा होता. त्यांतल्या ९५ स्त्रियांनी गर्भपात करून घेतला, १२ जणींचा गर्भ आपोआप पडला, २१ बाळं मोठी व्यंगं घेऊन जन्मली आणि २६ बाळांत मोठं व्यंग आढळलं नाही. कान अर्धवट किंवा नसलेलेच, हृदयाची रचना बिघडलेली, मेंदूत पाणी साचलेलं, अशी ती व्यंगं होती.

त्या ९५ या आकड्यापाशी मी दरवेळी थांबतो. ज्यांना बाळ हवं होतं अशाही स्त्रिया त्यात असणार. त्या मुरुमांसाठी डॉक्टरांकडे गेल्या होत्या, आणि परतल्या तेव्हा समोर हा निर्णय होता. मुरुमांच्या औषधाचा हा अनुभव कुठल्याही आधी-नंतरच्या फोटोंत दिसत नाही.

१९८८ मध्ये रोश कंपनीने गर्भधारणा टाळण्याचा कार्यक्रम सुरू केला. संमतिपत्र आलं, व्यंग असलेल्या बाळाचं चित्र आलं, प्रत्येक गोळीच्या वेष्टनावर गर्भवती स्त्रीच्या आकृतीवर काट मारलेलं चिन्ह आलं. ते चिन्ह पाहून काही स्त्रियांचा समज झाला की ही गर्भनिरोधक गोळी आहे, हे पुढच्या पाहणीत निघालं. इशारा लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याला विचारलं नाही की असं होतं. २००२ मध्ये चिठ्ठीवर पिवळा स्टिकर लावण्याची पद्धत आली, पण ती फारशी चालली नाही. शेवटी १ मार्च २००६ पासून ‘आयप्लेज’ ही सक्तीची नोंदणी सुरू झाली. डॉक्टर, औषध दुकान आणि रुग्ण या तिघांची नोंद झाल्याशिवाय गोळी मिळत नाही, एका वेळी ३० दिवसांचीच मिळते, आणि गर्भ राहू शकेल अशा रुग्णाला दर महिन्याला चाचणी व दोन प्रकारची गर्भनिरोधनं सांगितली जातात. एवढं करूनही अमेरिकेत गर्भधारणा शून्यावर आल्या नाहीत. २००६ मध्ये ७६८ नोंदल्या गेल्या, आणि २०११ नंतरही दरवर्षी दोनशे-तीनशेच्या घरात राहिल्या.

या व्यवस्थेचा भार बहुतांशी स्त्रियांवर पडला. ब्रह्मचर्य पाळणाऱ्या बाईलाही दर महिन्याला चाचणी, आणि ठरलेल्या मुदतीत गोळी उचलली नाही तर पुन्हा चाचणी. डिसेंबर २०२१ मध्ये ही प्रणाली नव्या संकेतस्थळावर नेली तेव्हा ती कोसळली आणि उपचार अर्ध्यावर असलेल्या रुग्णांना दिवसेंदिवस गोळ्या मिळेनात. त्याच बदलात एक चांगली गोष्टही झाली. स्त्री-पुरुष अशी विभागणी जाऊन ‘गर्भ राहू शकतो’ आणि ‘राहू शकत नाही’ अशा दोनच गटांत नोंद होऊ लागली. ट्रान्स रुग्णांना त्याआधी फार अपमानास्पद प्रश्नांना तोंड द्यावं लागे.

दुसरा धागा मनाचा आहे आणि तो अजून सुटलेला नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत या औषधावर नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांचा ठळक इशारा आला. मे २००० मध्ये मिशिगनचे संसद सदस्य बार्ट स्टुपॅक यांच्या १७ वर्षांच्या मुलाने आयुष्य संपवलं. तो हे औषध घेत होता. वडिलांनी तो मृत्यू औषधाशी जोडला, जाहीरपणे बोलले, आणि पुढे संसदेत सुनावण्या झाल्या. २००१ मध्ये प्रत्येक रुग्णाच्या हाती सोप्या भाषेतली माहितीपत्रिका देणं बंधनकारक झालं. अशा कुटुंबांच्या दुःखातून लाखो रुग्णांना माहिती मिळाली, हे नोंदवलंच पाहिजे.

मात्र मोठे अभ्यास सरळ उत्तर देत नाहीत. २०१० मध्ये स्वीडनमधला एक अभ्यास आला. १९८० च्या दशकात हे औषध घेतलेल्या ५,७५६ जणांच्या रुग्णालयीन नोंदी त्यात तपासल्या होत्या. आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण गोळी सुरू होण्याच्या आधीपासूनच चढत होतं, आणि उपचार संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत ते सर्वाधिक होतं. म्हणजे गंभीर मुरुम हेच स्वतः मनाला पोखरत असतात, आणि चेहरा सुधारला तरी आयुष्य लगेच सुधारत नाही. त्यानंतरच्या एकत्रित विश्लेषणांतही सर्व रुग्ण मिळून पाहिले तर धोका वाढलेला दिसत नाही. यावरून ‘मग गोळीचा काही संबंध नाही’ असं म्हणणं मला पटत नाही. हजारोंच्या सरासरीत एखाद्याचा खरा त्रास बुडून जाऊ शकतो. आणि ‘गोळीनेच केलं’ असं प्रत्येक वेळी धरून चाललं तर मुरुमांमुळे खचलेल्या मुलाला त्याचा उपाय नाकारला जातो.

ब्रिटनने यातून वेगळी वाट काढली. कुटुंबीयांनी आणि रुग्णांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर तिथल्या औषध नियामकाने तज्ज्ञांचा गट नेमला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम केला की १८ वर्षांखालील रुग्णाला हे औषध सुरू करायचं तर औषध लिहून देणाऱ्या दोन स्वतंत्र व्यक्तींची सहमती लागेल. मानसिक आरोग्याबरोबरच लैंगिक आरोग्याचीही विचारणा आधी आणि उपचारादरम्यान करायची असंही ठरलं, कारण काहींनी गोळी थांबवल्यानंतरही टिकून राहिलेल्या लैंगिक तक्रारी सांगितल्या होत्या. त्या तक्रारी बराच काळ हसण्यावारी नेल्या जात.

या औषधाने आतड्यांना सूज आली असा दावा करत रुग्णांनी कंपनीवर घातलेले खटले हे आणखी एक प्रकरण. रोशने २००९ मध्ये अमेरिकेतून ॲक्युटेन काढून घेतलं. तोवर इतर कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात होत्या आणि खटल्यांचा बोजाही होता. पुढे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वादींच्या तज्ज्ञांची साक्ष ग्राह्य न धरल्याने हजारोंनी दावे निकालात निघाले.

त्या स्वस्त गोळ्यांत भारतीय कंपन्यांचा वाटा मोठा. रॅनबॅक्सीची सोट्रेट अमेरिकेतही विकली गेली, आणि २०१५ मध्ये रॅनबॅक्सी मुंबईच्या सन फार्मात विलीन झाली. म्हणजे जे औषध अमेरिकेत इतक्या कुलपांआड मिळतं, ते बनवणाऱ्यांत आपणच आहोत. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं असा कायदा आहे, पाकिटावर गर्भधारणेचा इशाराही असतो. पण आयप्लेजसारखी देशव्यापी नोंदणी नाही. किती गर्भवतींच्या पोटात हे औषध गेलं याची मोजदाद करणारी यंत्रणाच नाही. आपले त्वचारोगतज्ज्ञ बऱ्याचदा १० किंवा २० मिलिग्रॅमची कमी मात्रा देतात, त्याने कोरडेपणा कमी होतो; पण गर्भाला धोका नसलेली अशी कुठलीही मात्रा ठरलेली नाही.

आणि आपली खरी अडचण डॉक्टरांच्या केबिनमध्ये आहे. लग्न ठरलेली पंचविशीची मुलगी आईबरोबर आलेली असते, साखरपुड्याआधी चेहरा स्वच्छ हवा असतो. आईसमोर तिला शरीरसंबंधांबद्दल विचारायला डॉक्टर कचरतात आणि ती खरं सांगायला. लग्न होतं, गोळ्या चालू राहतात, वर्षभरात पाळणा हलावा अशी घाई सासरी असते. गोळी थांबल्यावरही किमान महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही आणि रक्तदानही करायचं नाही, काही डॉक्टर त्याहून जास्त काळ सांगतात, हे तिच्या नवऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. मेडिकलवाल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा मैत्रिणीला गुण आला म्हणून तिचीच पट्टी घेऊन सुरू केलेल्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. पाकिटावरचा इशारा बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतो. तो मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापावा, आणि डॉक्टरांनी आईला पाच मिनिटं बाहेर बसवून मुलीशी एकटीशी बोलावं. यासाठी नोंदणीची अवाढव्य यंत्रणा लागत नाही.