केस गळणे आणि केस विरळ होणे: उतारवयातील दोन वेगळ्या तक्रारी

पन्नाशी ओलांडलेल्या बाईने केसांविषयी तक्रार केली की तिच्यापुढे तीच ठरलेली यादी ठेवली जाते: माक्याचे तेल, कांद्याचा रस, जास्वंदीचा लेप, बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि यांतले काहीच लागू पडले नाही तर ‘आता वय झाले, एवढे चालायचेच’ हा दिलासा. यादी सांगणारी माणसे एक प्रश्न मात्र क्वचितच विचारतात. केस नेहमीपेक्षा जास्त गळत आहेत, की नवे येणारे केसच बारीक येत आहेत? या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत, वेग वेगळा आहे, आणि उपाय तर इतके वेगळे आहेत की एकीचा उपाय दुसरीवर करत राहिले तर उपचाराचा सर्वांत उपयोगी काळ निघून जातो.

पहिली तक्रार बहुतेक बायकांना अनुभवाने ठाऊक असते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न्हाताना हातात केसांचे पुंजके येऊ लागतात आणि काही महिन्यांनी ते आपोआप थांबते. उतारवयातली गळती त्याच जातीची असते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यांतले ८५ ते ९० टक्के कोणत्याही वेळी वाढत असतात आणि उरलेले बहुतेक विश्रांतीच्या अवस्थेत असतात. ही विश्रांती सुमारे तीन महिने चालते व तिच्या शेवटी केस गळतो, म्हणून रोज ५० ते १०० केस जाणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. डेंग्यू, टायफॉईड किंवा कोविडचा ताप, मोठी शस्त्रक्रिया, घाईने घटवलेले वजन, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा धक्क्यानंतर वाढणारे पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. अल्बर्ट क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६१ मध्ये या प्रकाराला टेलोजेन इफ्लुव्हियम हे नाव दिले. साठीनंतर कारणांत थायरॉईडचा बिघाड, लोहाची कमतरता आणि काही औषधे यांची भर पडते. रक्त पातळ करणारी औषधे व रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधे ही त्यांतली नेहमीची. औषधावर संशय आला तरी ते स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारून बदलून घ्यावे.

गळलेल्या केसाच्या टोकाशी पांढरा ठिपका दिसला की ‘केस मुळासकट गेला’ अशी धास्ती घेतली जाते, ती निराधार आहे. तो ठिपका विश्रांती पूर्ण झालेल्या केसाचे टोक असतो. केस जिथून उगवतो ते रोमकूप टाळूतच शाबूत राहते आणि त्यातून पुढचा केस येतो.

दुसरी तक्रार समजून घ्यायला अधिक वेळ द्यावा लागतो, कारण तिच्यात डोळ्यांना दिसणारा पुरावाच फसवा असतो. येथे गळण्याचे प्रमाण वाढलेलेच असेल असे नाही. रोमकूपे हळूहळू लहान होत जातात, केसाच्या वाढीचा काळ आखडत जातो, आणि गळलेल्या प्रत्येक केसाच्या जागी येणारा केस आधीच्यापेक्षा थोडा बारीक, थोडा आखूड आणि थोडा फिकट असतो. टाळूवर केस एकेकटे उगवत नाहीत, दोन-तीन केसांचा झुबका एका छिद्रातून बाहेर येतो. विरळ होण्याच्या या क्रियेत त्या तिनांचे दोन होतात, दोनांचा एक होतो, आणि हे सारे इतक्या सावकाश घडते की वर्षानुवर्षे आरशात रोज पाहणाऱ्या बाईच्याही लक्षात येत नाही. म्हणूनच फणीत अडकलेले केस मोजून या तक्रारीचे निदान होत नाही. फणी स्वच्छ आहे, न्हाणीघरात गुंता साठत नाही, आणि तरीही भांग रुंदावत चालला आहे, असे हमखास होते. आणि ‘माझे केस गळत नाहीत, म्हणजे सगळे ठीक आहे’ असे समजून बसलेल्या बाईचे नुकसान सर्वांत जास्त होते.

खरी खूण केस कोठे कमी झाले यात आहे. गळतीत संपूर्ण डोक्यावरचे केस सारखेच कमी होतात, कानशिलाजवळचे आणि मानेवरचेसुद्धा. विरळपणात मात्र माथा आणि भांगाच्या दोन्ही बाजू उघड्या पडत जातात, कपाळावरची केसांची पुढची रेषा बहुधा टिकून राहते, आणि डोक्याच्या मागचे केस पुष्कळसे पूर्वीसारखेच असतात. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ एरिक लुडविग यांनी १९७७ मध्ये याच ठेवणीवरून स्त्रियांच्या विरळपणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या आणि त्या आजही वापरल्या जातात. घरी पाहायचे असेल तर केस कोरडे असताना माथ्यावर एक भांग पाडावा, डोक्याच्या मागच्या बाजूला दुसरा, आणि मुलीकडून किंवा सुनेकडून दोन्हींची छायाचित्रे एकाच उजेडात काढून घ्यावीत. माथ्यावरचा भांग मागच्यापेक्षा स्पष्टपणे रुंद दिसला तर तक्रार विरळपणाची असण्याची शक्यता मोठी आहे. हीच छायाचित्रे चार-सहा महिन्यांच्या अंतराने पुन्हा काढली तर ती कोणाच्याही आठवणीपेक्षा खरे सांगतात, आणि त्वचारोगतज्ज्ञाच्याही कामाला येतात.

भांगापाशी उभे राहणारे आखूड केस पाहून हुरळून जाण्यापूर्वी ते निरखून पाहावेत. गळती ओसरल्यावर उगवणारा नवा केस बुडाशी नेहमीच्या जाडीचा असतो आणि टोकाला निमुळता होतो. तुटलेल्या केसाचे टोक बोथट असते. विरळपणातला आखूड केस मात्र बुडापासूनच लवेसारखा बारीक असतो आणि तो लांब होतच नाही.

विरळपणाचे कारण आनुवंशिकता आणि हार्मोन यांच्या जोडीत आहे. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटते आणि विरळपणाचे प्रमाण वाढते, पण बहुतेक बायकांच्या रक्तात पुरुषी हार्मोन वाढलेले सापडत नाहीत. रोमकूपेच त्यांना अधिक संवेदनशील असतात. ‘माझ्या आईची वेणी शेवटपर्यंत जाड होती’ हा युक्तिवादही पुरेसा नाही, कारण हा वारसा वडिलांच्या बाजूनेही येतो. केस झपाट्याने विरळ होत असतील, सोबत चेहऱ्यावर राठ केस येत असतील आणि आवाज घोगरा होत असेल, तर मात्र हार्मोनची तपासणी लांबणीवर टाकू नये.

आता तेलांविषयी. गळतीचे कारण दूर झाले की ती साधारण सहा महिन्यांत स्वतःहून ओसरते. घाबरलेली बाई गळती अगदी शिगेला पोहोचली असताना तेल सुरू करते, गळती तिच्या नियमाने उतरणीला लागते, आणि श्रेय तेलाला जाते. मग तीच बाई मनापासून, कोणताही स्वार्थ नसताना, ते तेल आपल्या नणंदेला सुचवते. नणंदेची तक्रार विरळपणाची असते, ती दोन वर्षे निष्ठेने चंपी करते, आणि त्या दोन वर्षांत कूपे आणखी लहान होतात. घरोघरच्या तेलांची कीर्ती बरीचशी अशीच उभी राहिलेली आहे. तेलाला माझा विरोध नाही. केस मऊ राहतात, कमी तुटतात, आणि डोक्याला चोळून घेण्याचे सुख आहे ते आहेच. विरळपणाचा उपचार म्हणून त्याची शिफारस करणे मात्र थांबले पाहिजे.

कांद्याच्या रसाची गोष्टही सांगायला हवी. २००२ मध्ये त्याची एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली होती, पण ती चाई पडलेल्या रुग्णांवर होती. चाईत शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते आणि गोल चट्टे पडतात. त्या चाचणीचा आधार साठीच्या बाईच्या रुंदावलेल्या भांगाला लावता येत नाही.

या दोन तक्रारी एकत्रही येतात, आणि उतारवयात ते वारंवार घडते. आतून विरळपणा सुरू झालेला असतो, तो कोणाच्या नजरेत आलेला नसतो, आणि मग एका तापानंतर गळती होऊन तो उघडा पडतो. अशी बाई ‘डेंग्यूनंतर केस गेले ते परत आलेच नाहीत’ असे सांगते. अर्थात परत येण्याचा हिशेबही नीट करावा: केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून कमरेपर्यंतच्या वेणीची जाडी सहा महिन्यांत परत दिसणे शक्यच नसते आणि निदान दीड-दोन वर्षे थांबावे लागते. परंतु वर्ष उलटूनही मागचे केस भरले आणि माथा भरला नाही, तर ताप हे संपूर्ण कारण नाही हे मान्य करावे.

गळतीवर कारण शोधणे हाच उपचार आहे. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही तपासावे, कारण हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा कमी असू शकतो; थायरॉईडसाठी टीएसएच पाहावे; आणि गेल्या सहा महिन्यांत सुरू झालेल्या औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. आठवताना चालू महिन्यातले कारण शोधू नये, दोन-तीन महिने मागे जावे. परवा बदललेला शाम्पू किंवा नव्या घरातले जड पाणी यांना बिनबुडाचा दोष दिला जातो, तो याच चुकीमुळे.

विरळपणावर सर्वांत जास्त पुरावा मिनोक्सिडिल या टाळूला लावायच्या औषधाचा आहे. ते मुळात रक्तदाबाची गोळी म्हणून आले आणि अंगावर केस वाढतात असे दिसल्यावर टाळूसाठी वापरात आले. अमेरिकेत स्त्रियांसाठी २ टक्क्यांच्या द्रावणाला १९९१ मध्ये मान्यता मिळाली. त्याविषयी तीन गोष्टी आधीच माहीत असायला हव्यात. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळू शकतात, कारण विश्रांतीतले केस नव्या केसांना जागा देतात; नेमक्या याच वेळी घाबरून औषध सोडणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्यांना हे आधी न सांगणाऱ्यांवर माझा राग आहे. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. आणि औषध बंद केले की मिळवलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातात, म्हणून ते चालू ठेवण्याची तयारी असेल तरच सुरू करावे. कपाळावर किंवा गालावर लव येऊ शकते, आणि घरात मांजर असेल तर तिला या औषधाचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण ते मांजरांसाठी जीवघेणे आहे. मिनोक्सिडिलची कमी मात्रेची गोळी किंवा स्पिरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी) हे डॉक्टरांच्या देखरेखीखालचे उपाय आहेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या बाईने ते शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेऊ नयेत.

बायोटिनच्या गोळ्यांविषयी माझे मत ठाम आहे. बायोटिनची कमतरता क्वचितच आढळते आणि ती नसताना गोळ्यांचा केसांना उपयोग होतो याला भक्कम आधार नाही. उलट मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही रक्ततपासण्या चुकतात: थायरॉईडच्या आकड्यांवरून नसलेला आजार दिसू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात तपासले जाणारे ट्रोपोनिन खोटे कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला आहे. ज्या वयात या दोन्ही तपासण्या सर्वाधिक होतात त्याच वयाच्या बायकांना या गोळ्या सर्रास सुचवल्या जातात, हे मला अक्षम्य वाटते. केसांच्या गोळ्यांत सेलेनियम आणि जीवनसत्त्व अ हेही असतात, आणि ही दोन्ही अति झाली तर केस जातात. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या गावांत काही दिवसांत माणसांची टक्कले पडली, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले होते. ‘पोषक’ एवढ्याच कारणासाठी काहीही गिळू नये.

एक तिसरी अवस्था या दोन्हींत मोडत नाही आणि तिला विलंब परवडत नाही. कपाळावरची केसांची रेषाच मागे सरकू लागली, तिथली त्वचा गुळगुळीत व फिकट दिसू लागली आणि सोबत भुवया विरळ झाल्या, तर ती फ्रंटल फायब्रोसिंग अ‍ॅलोपेशिया असू शकते. स्टीव्हन कोसार्ड या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९४ मध्ये तिचे वर्णन प्रथम केले, ते रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांमध्येच. यात रोमकूपाच्या जागी व्रण तयार होतो आणि गेलेला केस परत येत नाही. उपचार उरलेले केस वाचवण्यासाठी असतो. त्वचारोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जावे, पॅकेज विकणाऱ्या केशकेंद्रात नव्हे.

उपचार चालू असताना किंवा उपचार नको असतानाही नीटनेटके दिसण्याची इच्छा रास्त आहे, आणि तिच्यासाठी कोणी बाईला नटवेपणाचे दूषण देऊ नये. मात्र विरळ केसांत जड गंगावन घट्ट आवळून अंबाडा घालणे मला पसंत नाही, कारण त्या ओढीने कानशिलाजवळचे उरलेसुरले केसही जातात; माथ्यापुरता हलका टॉपर (कृत्रिम केसांचा छोटा टोप) किंवा टाळूच्या रंगाशी जुळणारी पावडर जास्त बरी. केस खांद्यापर्यंत कापले की तेच केस दाट दिसतात, आणि भांग दर काही दिवसांनी बदलला की एकच रेघ उघडी पडत नाही. काळ्या मेंदीच्या पुड्यांत बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग असतो. ज्यांच्या टाळूला खाज सुटते त्यांनी ही मेंदी लावणे थांबवावे. उघड्या पडलेल्या माथ्याला ऊन लागते, म्हणून उन्हात बाहेर पडताना डोक्यावर पदर, स्कार्फ किंवा छत्री असावी.