कार्बनची मोजणी आणि जंगलाची मोजणी

रालामंडलची टेकडी चढता चढता पुतण्याने विचारलं, "काका, झाडं लावली की कार्बनपण शोषला जातो आणि जंगलपण वाढतं, म्हणजे एकच ना?" इंदुरातल्या मुलाला असं वाटणारच. जुलै 2024 मध्ये रेवती रेंजवर एका दिवसात 11 लाखांहून जास्त रोपं लावून शहराने विक्रम केला, तो त्याच्या लक्षात आहे. पण या दोन मोजण्या वेगळ्या, आणि कधीकधी एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या.

कार्बनवाल्याचं काम त्यातल्या त्यात सोपं. जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साधारण छातीइतक्या उंचीवर, खोडाला टेप गुंडाळायची आणि सूत्रातून झाडाचं कोरडं वजन काढायचं. त्यातला सुमारे 47 टक्के कार्बन धरतात. 1000 किलो वजन भरलं तर 470 किलो कार्बन, म्हणजेच हवेतला जवळपास 1,720 किलो कार्बन डायऑक्साइड. साग असो की निलगिरी, शेवटी सगळ्याची बेरीज टनांत होते, आणि इथला टन तिथल्या टनाच्या बदल्यात चालतो.

जिवांचं तसं नाही. दहा सुतार पक्षी वाढले म्हणून गेलेला एक पिंगळा भरून निघत नाही. शिवाय झाड जागेवर उभं असतं, प्राणी नसतो. नवरंग पक्षी मध्य भारतात विणीला येतो तो पावसाळ्याच्या तोंडावर. जानेवारीत पाहणी केली तर तो दिसायचाच नाही. मागच्या वर्षी वीस कॅमेरे महिनाभर लावले आणि यंदा दहाच, तर बिबट्याचे फोटो कमी येणारच. त्यावरून बिबटे घटले म्हणणं चूक. म्हणून जागा, ऋतू आणि मेहनत दरवेळी सारखी ठेवावी लागते. कंटाळवाणं काम आहे, आणि बहुधा पैशांची कात्री इथेच आधी लागते.

वाटेत एक वठलेलं झाड होतं, वरच्या अंगाला ढोली. कार्बनच्या वहीत ते 'मृत लाकूड', कुजत कुजत घटत जाणारी रक्कम. पोपटाच्या लेखी ते घर.

उपग्रहातून जंगल मोजण्याचंही असंच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागेवर 10 टक्के झाडोरा असला की ते वनाच्छादन, मग ती आमराई का असेना.

जंगल राखण्यासाठी पैसे देणाऱ्या 'रेड प्लस' योजनेला 2010 मध्ये कानकूनच्या हवामान परिषदेत अट घातली गेली: नैसर्गिक जंगल आणि जैवविविधता राखली पाहिजे, जंगल तोडून लागवड करायची नाही. अट चांगलीच. पण पैसे ठरतात टनांवर. जिवांबद्दल फक्त माहिती द्यायची असते. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

पुतण्याला तरी पटेना. मग त्याला धार जिल्ह्यातल्या सरदारपूरचं सांगितलं. तिथल्या गवताळ माळावर पावसाळ्यात तणमोर पक्षी येतो, इकडे त्याला खरमोर म्हणतात. मादीला दिसावं म्हणून नर गवतातून वर उड्या मारतो. त्या माळावर दाट झाडं लावली तर खोडांमधला कार्बन वाढेल, आकडा छान दिसेल. "आणि तो उड्या कुठे मारणार?" पुतण्याने विचारलं.