डोळ्यांची उडी आणि डॉ. नोशिर वाडिया

लोकलमध्ये खिडकीशी बसून बाहेर बघणाऱ्या माणसाचे डोळे कधी न्याहाळलेत? रुळांकडेचा एक खांब त्याची नजर पकडते, खांबाबरोबर मागे सरकते आणि झटक्यात पुढे येऊन पुढचा खांब पकडते. असं अखंड चालू राहतं आणि त्या माणसाला त्यातलं काही जाणवत नाही. हा झटका दिसला की मला मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आठवतात.

आपली नजर ओळीवरून घरंगळत जाते असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती उड्या मारते. हे वाक्य वाचतानाही तुमचे डोळे सेकंदाला साधारण तीन उड्या मारताहेत. शास्त्रात या उडीला ‘सॅकेड’ म्हणतात. मोठ्या उडीत बुबुळ सेकंदाला ५०० अंशांहून अधिक वेगानं फिरतं. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे बघा. डोळे हलताना दिसणार नाहीत, कारण उडी चालू असताना मेंदू दृष्टीची जाणीव दाबून टाकतो. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र ती हालचाल दिसते.

एवढा वेग येतो कुठून? डोळा खोबणीत चिकट, लवचीक ऊतींमध्ये बसलेला असतो. पावसाळ्यात फुगलेलं दार हळू ढकलून उघडत नाही, त्याला आधी जोराचा हिसका द्यावा लागतो. डोळ्याचंही तसंच. हा हिसका देणाऱ्या चेतापेशी मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात असतात (आडव्या उडीसाठी, उभ्या उडीच्या पेशी त्याच्या जरा वर, मध्यमेंदूत). त्यांना आपण ‘भडिमार पेशी’ म्हणू. एरवी त्या गप्प असतात. उडीच्या क्षणी सेकंदाला जवळजवळ हजार या दरानं विद्युतस्पंद सोडतात आणि स्नायू डोळा खेचून नेतो. पण हिसका संपला की डोळा रबरासारखा मागे यायला बघतो, म्हणून दुसऱ्या पेशी मंद पण सततचा संदेश देऊन त्याला नव्या जागी धरून ठेवतात. शिवाय एक ब्रेकही आहे. नजर स्थिर असताना ‘विराम पेशी’ अखंड बोलत राहून भडिमार पेशींना दाबून ठेवतात. उडी घ्यायची तर आधी या पेशींनी गप्प बसायला हवं. पॉन्समधली ही मोजकी पेशीमंडळी हरवली तर स्नायू धडधाकट असूनही नजरेची उडी मरते.

हेच मेलेलं काहीतरी वाडियांना दिसलं. जन्म १९२५ सालचा, सुरतेचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, पुढे लंडनमध्ये नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ रसेल ब्रेन यांच्या हाताखाली काम. १९५७ मध्ये परत येऊन त्यांनी जे. जे. रुग्णालयात मेंदूविकार विभाग उभा केला, नंतर बरीच वर्षं जसलोकमध्ये काढली. त्यांच्याकडे तोल गेलेले, अडखळत बोलणारे रुग्ण येत. लहान मेंदू झिजण्याचे असे आनुवंशिक आजार वैद्यकाला माहीत होते. पण काही घराण्यांतल्या रुग्णांना ‘इकडे बघा, आता तिकडे’ म्हटलं की बुबुळं सावकाश, समोरच्याला सहज मागोवा घेता येईल अशी सरकत. नजर इच्छित जागी पोचायची, पण उशिरा. काही जण डोळ्यांना मदत म्हणून मान फिरवत, पापणी मिटत. १९७१ मध्ये वाडिया आणि त्यांचे सहलेखक स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचं वर्णन करून हा वेगळा आजार असल्याचं ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडलं. सीटी स्कॅनरमध्ये पहिला रुग्ण ठेवला गेला तो त्याच वर्षी, लंडनमध्ये. वाडियांकडे होते ते स्वतःचे डोळे आणि घराण्यांच्या वंशावळी.

जनुक सापडायला १९९६ उजाडलं. ते बाराव्या गुणसूत्रावर आहे. त्यात ‘सीएजी’ ही डीएनएची तीन अक्षरं बहुतेकांमध्ये २२ वेळा येतात. या रुग्णांत ती साधारण ३३ किंवा अधिक वेळा येतात. परिणामी अॅटॅक्सिन-२ या प्रथिनाला ग्लुटामिन या अमिनो आम्लाची लांबलचक साखळी जोडली जाते आणि कालांतरानं पेशी मरतात. पिढी पुढे जाताना ही माळ वाढू शकते, म्हणून मुलाला आजार बापापेक्षा लवकर गाठू शकतो. आजाराचं आजचं नाव एससीए-२, म्हणजे स्पायनोसेरेबेलर अॅटॅक्सिया प्रकार २. बाधित आई किंवा बापाकडून प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी.

ही निम्मी शक्यता आपल्याकडे पितृदोष म्हणून खपते. घरात तिसरा माणूस झोकांड्या देऊ लागला की नारायण-नागबळीचा खर्च होतो. गल्लीत तो माणूस दारुडा ठरतो. आणि हल्ली शहरांत स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन हा आजार बरा करतो म्हणणारे भेटतात. सिद्ध झालेला असा कोणताही इलाज आज नाही. उपयोग होतो तो व्यायामाचा, भाषोपचाराचा आणि जनुकीय समुपदेशनाचा, आणि तेच घरच्यांना कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

डोळ्यांवरून आणखी एक आठवण. १९७१ च्या डोळे येण्याच्या साथीनंतर काहींचे पाय पोलिओसारखे लुळे पडले. त्यांच्या मज्जारज्जूच्या खालच्या भागाला इजा होते आणि तिचा संबंध त्या साथीशी आहे, हे वाडिया आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. साथीमागचा विषाणू होता एन्टेरोव्हायरस ७०.

२०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १० एप्रिल २०१६ ला ते गेले. पण मला त्यांचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो २००८ च्या एका निबंधासाठी. एससीए-२ नं गेलेल्यांच्या मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून संशोधकांनी पॉन्समधल्या भडिमार पेशी शोधल्या, तर त्या झडून गेल्या होत्या. निबंधाच्या शीर्षकात या आजाराला ‘वाडिया-उपप्रकार’ म्हटलं होतं, आणि लेखकांच्या यादीत ८३ वर्षांचे स्वतः वाडिया होते.