शिशुधान प्राण्यांतील ट्रिपॅनोसोमा संसर्ग

पिल्लू पोटावरच्या पिशवीत वाढवणारे प्राणी, म्हणजे शिशुधान प्राणी, यांच्या रक्तात व ऊतींत ट्रिपॅनोसोमा प्रजातीच्या एकपेशीय, कशाभिकायुक्त (चाबकासारखी शेपटी असलेल्या) परजीवींचा होणारा संसर्ग. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या दोन्ही खंडांत तो आढळतो. बहुतेक प्राणी तो मुकाट्याने वागवतात. त्यामुळे परजीवी सापडला म्हणजे आजार सापडला, असे मानता येत नाही.

अमेरिकेतील ओपोसम हा शिशुधान प्राणी याचे ठळक उदाहरण. कार्लोस शागास यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये शोधलेला ट्रि. (ट्रिपॅनोसोमा) क्रुझी माणसाला हृदयविकार जडवतो, ओपोसमला मात्र सहसा फारसा त्रास देत नाही. या परजीवीची काही रूपे एरवी रक्त पिणाऱ्या ट्रायटोमा ढेकणांच्या आतड्यातच घडतात. ओपोसमच्या गुदद्वाराजवळील गंधग्रंथींतही ती वाढतात, असे १९८४ मध्ये दिसून आले. एकच प्राणी पोषकही (परजीवीला आश्रय देणारा) आणि वाहकासारखाही (त्याचा प्रसार करणारा), हा प्रकार विलक्षणच म्हणायला हवा.

ऑस्ट्रेलियातील चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. कोआलातील ट्रि. इर्विनी (२००९) याला ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध वन्यजीवप्रेमी स्टीव्ह अर्विन यांचे नाव दिले आहे. त्याच वर्षी गिल्बर्टचा पोटोरू व क्वोका या छोट्या शिशुधान प्राण्यांतून ट्रि. कोपमनी वर्णिला गेला. त्याचा प्रसार गोचिडांमार्फत होत असावा. ट्रि. नोयेसी हा तर ट्रि. क्रुझीच्याच गोतावळ्यातला निघाला.

सर्वाधिक चर्चा झाली ती वॉयलीची. जमिनीखालची कवके उकरून खाणाऱ्या या छोट्या बेटाँगची (कांगारूसारख्या लहान शिशुधान प्राण्याची) संख्या १९९९ ते २००६ दरम्यान सुमारे ९० टक्क्यांनी घटली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील अप्पर वॉरन भागात, जिथे घट झाली, तिथे ट्रि. कोपमनीचे प्राबल्य आढळले. संख्या टिकून राहिलेल्या काराकामिया अभयारण्यात ट्रि. व्हेग्रँडिसचे. ट्रि. कोपमनीचा एक प्रकार पेशींत शिरू शकतो, हृदयाच्या व इतर स्नायूंतही त्याच्या खुणा मिळाल्या. तरीही सगळा दोष त्याच्या माथी मारणे घाईचे ठरेल. मांजरे आणि कोल्हे वॉयली मारतात हे उघड आहे. संसर्गाने प्राणी मंदावतो आणि शिकाऱ्याच्या तोंडी सहज पडतो, ही शक्यता संशोधकांनी मांडली आहे. ती पटण्यासारखी आहे, सिद्ध मात्र झालेली नाही.

बाहेरून येणाऱ्या परजीवींची धास्ती वेगळीच. घोडे, उंट व गुरांना होणारा सरा रोग ट्रि. इव्हान्सीमुळे होतो. ग्रिफिथ इव्हान्स यांना तो १८८० मध्ये तत्कालीन ब्रिटिश भारतातील डेरा इस्माईल खान येथे सापडला. माणसाला तो क्वचितच बाधतो, पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला झालेला संसर्ग वैद्यकीय नोंदींत प्रसिद्ध आहे. सरा शेजारच्या इंडोनेशियात आहे, आणि मुद्दाम संसर्ग केलेल्या वॉलबींना (छोट्या कांगारूंना) गंभीर आजार झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर त्याच्या प्रवेशाबाबत दक्षता बाळगली जाते.