सिंह, गोचीड आणि मसाई गायी

सफारीत सिंह दिसतो तो बहुतेक वेळा झोपलेला. दिवसाचे अठरा-वीस तास लोळण्यात घालवणारा हा प्राणी. रात्री वीस-पंचवीस किलो मांस पोटात गेल्यावर भर उन्हात उठून त्याने करायचं तरी काय? जुलै-ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचं स्थलांतर बघायला केनियातल्या मसाई माराला मराठी सहलींची रीघ लागते. पहाटे उठून, धुळीत हाडं खिळखिळी करून घेत तिथं पोचलेल्या मंडळींना झुडपाखाली चारी पाय वर करून पडलेला वनराज बघून जरा फसल्यासारखंच होतं. गाडीतून कुणीतरी "शुक शुक" करतंच.

झोपलेल्या सिंहाचा एक फायदा मात्र आहे. दुर्बीण निवांतपणे त्याच्या तोंडावर रोखता येते. मिशांचे केस जिथून उगवतात तिथं काळ्या ठिपक्यांच्या समांतर ओळी असतात. त्यांतली सगळ्यात वरची ओळ अर्धवट असते, म्हणजे एखाददुसरा किंवा चार-पाच ठिपके. खालच्या ओळीतल्या कुठल्या ठिपक्याच्या वर ते येतात, हे प्रत्येक सिंहात वेगळं असतं, आणि डाव्या-उजव्या गालावरही वेगळं. हा नमुना जन्मभर बदलत नाही. नैरोबी राष्ट्रीय उद्यानातल्या सिंहांवर काम करताना ही ओळख पटवण्याची पद्धत बसवली गेली आणि १९७०च्या सुमारास ती प्रसिद्ध झाली. सिंहाला बेशुद्ध न करता, त्याला हातही न लावता, अमुक सिंह तमुक सिंहिणीचा मुलगा हे त्यामुळे सांगता येऊ लागलं.

याचा सगळ्यात मोठा उपयोग शेजारच्या टांझानियात झाला. सेरेंगेटीत जॉर्ज शेलर यांनी १९६६ साली सिंहांचा अभ्यास सुरू केला. १९७८मध्ये तो क्रेग पॅकर आणि अ‍ॅन प्युसी यांच्या हाती आला आणि पुढे काही दशकं चालू राहिला. सिंहांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ, जन्म-मृत्यूच्या नोंदींसकट, कागदावर आली. रानटी मांसाहारी प्राण्यांबद्दल इतकी सलग माहिती जगात फार कमी ठिकाणी आहे.

आयाळीचंच बघा. ती मानेचं रक्षण करायला असते, असं आपण शाळेत शिकलो. पॅकर आणि त्यांच्या विद्यार्थिनी पेटन वेस्ट यांनी खऱ्या सिंहाएवढ्या कापडी बाहुल्या माळावर उभ्या केल्या. एकीला फिकी आयाळ, दुसरीला काळी. एकीला आखूड, दुसरीला लांब. खरे सिंह आले. माद्या काळ्या आयाळीकडे वळल्या. नर मात्र काळी आणि लांब आयाळ टाळून फिक्या, आखूड आयाळवाल्याकडे गेले. काळ्या आयाळीच्या नरांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्त असतं, ते चांगलं खाऊन-पिऊन असतात, आणि हे सगळं प्रतिस्पर्ध्याला लांबूनच वाचता येतं. ही श्रीमंती फुकट मिळत नाही. काळ्या आयाळीखाली उकडतं. अशा नरांचं अंग जास्त तापतं आणि उन्हाळ्यात त्यांचं खाणंही कमी होतं. हा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला.

नराचं राज्य फार टिकत नाही. दोन-तीन वर्षांत दुसरी टोळी येते, जुन्या नरांना हुसकावते आणि कळपातली तान्ही पिल्लं मारून टाकते. पिल्लं गेली की आई काही आठवड्यांत पुन्हा माजावर येते. पिल्लं जगली असती, तर नव्या नरांना दीड-दोन वर्षं थांबावं लागलं असतं. ऐकायला हे क्रूर वाटतं. पण यातून एक हिशेब निघतो: एक जाणता नर गोळीने पडला की त्याच्यामागे त्याची पिल्लंही जातात. केनियात हौशी शिकारीला १९७७पासून बंदी आहे. टांझानिया, झिंबाब्वे आणि झांबियात परवाना काढून ती करता येते. पॅकर यांच्या गटाने २००४मध्ये गणित मांडलं, की सहा वर्षांवरचे नरच मारले तर संख्येला फारसा धक्का लागत नाही, कारण तोवर त्यांची एक पिढी वाढवून झालेली असते. वय ओळखायचं कसं? नाकावरून. पिल्लाचं नाक गुलाबी असतं, वयाबरोबर त्यावर काळे डाग वाढत जातात आणि पाच-सहा वर्षांत निम्म्याहून जास्त नाक काळं होतं. शिकाऱ्याने बंदुकीच्या दुर्बिणीतून आधी नाक तपासावं, ही अपेक्षा कागदावर छान आहे. प्रत्यक्षात एवढे पैसे मोजून आलेला पाहुणा आणि बिदागीवर डोळा ठेवून असलेला शिकारी-गाइड किती वेळ नाक न्याहाळत बसतील, याबद्दल मला शंका आहे.

शिकारीवर मनसोक्त भांडण होतं. जुलै २०१५मध्ये झिंबाब्वेच्या ह्वांगे उद्यानातला, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गळ्यात पट्टा घातलेला सीसिल नावाचा सिंह मारला गेला, तेव्हा जगभर गदारोळ उठला. पण सिंह ज्यांच्यामुळे घटत गेले ती कारणं एवढी चमकदार नाहीत. सिंहांचं मूळ क्षेत्र एक-दशांशाहूनही कमी उरलं आहे. उरलेल्या तुकड्यांच्या कडेला माणसं आहेत, त्यांची गुरं आहेत आणि कुत्रीही.

कुत्र्यांची गोष्ट १९९४ची. त्या वर्षाच्या सुरुवातीला सेरेंगेटीत सिंहांना फिट येताना दिसू लागल्या. तोंडाचे स्नायू उडायचे, पाय ताठ व्हायचे, उभा सिंह कोसळायचा. वर्षभरात तिथल्या साधारण तीन हजार सिंहांपैकी एक-तृतीयांश मेले. निदान झालं: कॅनाइन डिस्टेंपर. गोवराच्या विषाणूचा हा भाऊबंद; पाळीव कुत्र्याच्या पहिल्या लशीत ज्याची लस असते तोच. उद्यानाबाहेरच्या गावांतल्या हजारो बिनलशीच्या कुत्र्यांतून, मध्ये तरस वगैरेंमार्फत तो सिंहांपर्यंत पोचला असावा, असं अनुमान निघालं.

प्रकरण इथंच मिटलं असतं. पण वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा चक्रावून टाकणारी गोष्ट कळली. हा विषाणू सिंहांमध्ये याआधीही अनेकदा येऊन गेला होता, आणि त्या वेळी कुणी मेलं नव्हतं! मग १९९४मध्ये काय वेगळं घडलं? उत्तर २००८मध्ये मिळालं. त्याआधी कडक दुष्काळ पडला होता. रानम्हशी खंगल्या, त्यांच्या अंगावर गोचिडांची बुजबुज झाली आणि पाऊस परतल्यावर त्या पटापट मरू लागल्या. सिंहांना आयतं खाद्य मिळालं, आणि त्याबरोबर गोचीडही. गोचिडांच्या चाव्यातून बॅबेसिया नावाचा रक्तातला परजीवी शरीरात जातो. आपल्याकडे गुरांना गोचीडताप येतो, लाल लघवी होते, त्याचंही कारण याच जातकुळीतलं. एरवी सिंह थोडाफार बॅबेसिया अंगावर बाळगून धडधाकट असतो. डिस्टेंपरने मात्र प्रतिकारशक्ती खाली पाडली, आणि परजीवी बेसुमार वाढला. नुसता विषाणू सिंह झेलतो, नुसता परजीवीही झेलतो. दोघे एकदम आले की तो टिकत नाही. २००१मध्ये सेरेंगेटीशेजारच्या न्गोरोन्गोरो विवरात दुष्काळानंतर हीच जोडी पुन्हा आली.

गुजरातेत गीरमधल्या दलखाणिया रेंजमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८मध्ये काही आठवड्यांत २३ सिंह गेले. नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आले आणि तिथं काही मृत्यूंबाबत डिस्टेंपरवर शिक्कामोर्तब झालं. बाकीच्या मृत्यूंमध्ये गोचिडातून येणाऱ्या परजीवीचं नाव पुढे आलं. आशियाई सिंहांचं सगळं रानटी भांडवल एकाच परिसरात का ठेवू नये, हे सांगायला याहून ठळक उदाहरण नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ सालीच काही सिंह मध्य प्रदेशात कुनोला हलवायला सांगितलं होतं. कुनोत पुढे चित्ते आले, गीरचे सिंह आलेले नाहीत.

सेरेंगेटीभोवतीच्या गावांत कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम निघाली. रेबीजसाठी ती फारच उपयोगी पडली. डिस्टेंपर मात्र त्यामुळे सिंहांतून पुरता गेला नाही. रानातल्या इतर मांसाहाऱ्यांमध्ये तो फिरत राहतो, असं दिसतं.

आता गायी. मसाई हे इथले गुरं पाळणारे लोक. मसाई माणसाची पत, वधूमूल्य, दूध, प्रतिष्ठा सगळं गायीत. रात्री गुरं बोमात कोंडतात, म्हणजे बाभळीच्या काटेरी फांद्यांच्या गोल कुंपणात. सिंहाला हे कुंपण ओलांडायची बहुतेकदा गरजच पडत नाही. तो वाऱ्याच्या बाजूने येऊन आपला वास आत सोडतो किंवा गुरगुरतो. आतल्या गुरांची पाचावर धारण बसते, ती एका अंगाला रेटतात, काटे मोडून बाहेर उधळतात, आणि बाहेर सिंहिणी थांबलेल्याच असतात. सकाळी तीन-चार गायी आडव्या. त्या घराचं वर्षभराचं गणित एका रात्रीत कोलमडतं.

मग विषप्रयोग होतो. कार्बोफ्युरान हे दाणेदार कीटकनाशक आपल्या शेतकऱ्यांनाही ओळखीचं आहे. मेलेल्या गायीवर मूठभर पसरलं की रात्री परतलेला अख्खा कळप, त्यामागून तरस आणि सकाळी उतरलेली गिधाडं, असं सगळंच साफ होतं. डिसेंबर २०१५मध्ये मसाई माराच्या मार्श प्राइडवर हेच झालं. टीव्हीवरच्या मालिकांमुळे जगभर ओळखीचा झालेला हा कळप. त्यातली बीबी नावाची म्हातारी सिंहीण विषाने मेली. रोज डझनावारी गाड्या ज्यांच्याभोवती थांबत, त्या सिंहांनाही वाचवता आलं नाही.

नैरोबी उद्यानाची दक्षिण बाजू कुंपणाविना उघडी आहे. तिथं राहणारा रिचर्ड टुरेरे हा मसाई मुलगा वडिलांची गुरं राखायचा. त्याने बुजगावणं उभं करून पाहिलं. सिंहांना ते पहिल्या दिवशी खरं वाटलं, दुसऱ्या दिवशी नाही. एकदा रात्री तो टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत होता, तेव्हा सिंह आले नाहीत. हलत्या उजेडाला ते बिचकतात, कारण तिथं माणूस जागा असतो, हे त्याने ताडलं. मग गाडीची जुनी बॅटरी, सौर पट्टी, मोडक्या टॉर्चमधले दिवे आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा खोका, एवढ्यावर त्याने आळीपाळीने लुकलुकणारी माळ केली. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पुढे नैरोबी उद्यानालगतच्या गोठ्यांवर झालेल्या अभ्यासातही दिव्यांमुळे रात्रीचे हल्ले घटल्याचं दिसलं.

दक्षिण केनियात अंबोसेलीच्या परिसरात २००७पासून 'लायन गार्डियन्स' नावाचा उपक्रम चालतो. सिंह मारणं हा तिथल्या मोरानांचा, म्हणजे तरुण मसाई योद्ध्यांचा पराक्रम. मारणाऱ्याला 'सिंहनाव' मिळे आणि पंचक्रोशीत मान. या उपक्रमाने त्याच तरुणांना पगारावर घेतलं. पावलांचे ठसे आणि रेडिओ पट्टे यांवरून सिंह कुठे आहे ते शोधायचं, गुराख्यांना सावध करायचं, हरवलेलं वासरू हुडकायचं, बोमा दुरुस्त करायचा. सिंहांना नावंही तेच ठेवतात. आपण नाव ठेवलेला सिंह मारायला हात धजावत नाही. पूर्वी सिंह मारलेले काही जण आज सगळ्यात चांगले माग काढणारे आहेत.

पर्यटकाच्या पैशाचा प्रश्न इथं येतो. मसाई मारा अभयारण्यात परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर मोजावे लागतात. हा पैसा जातो काउंटी सरकारकडे. अभयारण्याच्या उत्तरेला मात्र वेगळा प्रकार आहे, कॉन्झर्व्हन्सी. शेकडो मसाई कुटुंबं आपापल्या नावावरची जमीन एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने देतात. भाडं थेट घरात येतं, पर्यटक आले किंवा न आले तरी. बदल्यात कुंपण घालायचं नाही, चराई ठरवून करायची. तंबू मोजके, आणि एका सिंहाभोवती जेमतेम पाचेक गाड्या. या भागातल्या सिंहांवरचा अभ्यास २०१६मध्ये आला. सिंह जगण्याची शक्यता सगळ्यात जास्त कशाने वाढली, तर लाभात वाटा मिळणाऱ्या कुटुंबांची संख्या जिथं जास्त होती तिथं. या व्यवस्थेची गोम २०२०मध्ये कळली: कोविडने पाहुणे थांबले, आणि भाड्याला कात्री लावावी लागली.

म्हणून सहल ठरवताना मेन्यूत साबुदाण्याची खिचडी आहे का, याच्या जोडीला कॅम्प कुणाच्या जमिनीवर आहे आणि भाडं कुणाला जातं, हेही विचारावं. आणि तिथं गेल्यावर ड्रायव्हरला अंतर ठेवायला सांगावं. सिंह गाड्यांना सरावलेत, खुशाल त्यांच्या सावलीत येऊन पडतात. चित्त्यांचं तसं नाही. मसाई मारात जिथं गाड्यांची गर्दी जास्त, तिथं चित्त्याच्या मादीची एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी होतात. जिथं गर्दी कमी, तिथं २.३. ड्रायव्हरला हे ठाऊक असतं. पण जवळ नेलं नाही तर टिप कमी मिळते, हेही त्याला ठाऊक असतं.